झेरॉक्सच्या दुकानात ब्राउझरमधून थेट फाईल घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा. बार्शीत कॉलेजजवळ झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या एका ताईंकडे गिऱ्हाइकांच्या फाईली आजवर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येत होत्या. नंबर सगळ्या गावाकडे गेला, रात्री-अपरात्री मेसेज येतात, फोटोचा दर्जा पडतो आणि लोकांची आधार कार्डं दुकानाच्या फोनमध्ये साठत राहतात. कुणीतरी पेअरड्रॉप दाखवलं, म्हणजे ॲप न टाकता ब्राउझरमधूनच एका उपकरणातून दुसऱ्यात फाईल पाठवायचं वेबपान. पहिल्या दिवशी झकास चाललं, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपला गिऱ्हाइकाचा फोन दिसेचना. फाईल खरंच इंटरनेटवरून जात नाही का, उपकरणं एकमेकांना कधी दिसतात कधी दिसत नाहीत असं का, आणि आधारसारख्या कागदांसाठी हे चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी सोलापुरात गेली सतरा-अठरा वर्षं छापखाने, फोटो स्टुडिओ आणि शाळांच्या लॅब यांची नेटवर्कं बसवतो. तुमच्यासारखी अडचण महिन्यातून दोन-तीनदा तरी समोर येते. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून आधी ते सांगतो.

ब्राउझरमधून फाईल जाते तेव्हा दोन वेगवेगळी कामं होतात. आधी दोन उपकरणांची ओळख व्हावी लागते, मग फाईल जाते. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्हीकडचे पत्ते एकमेकांना देतो, पुढची बोलणी दोन घरं आपसात करतात. इथे तसंच आहे. तुम्ही पान उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर इंटरनेटवरच्या एका सर्व्हरला सांगतो, ‘मी आलोय’. गिऱ्हाइकाचा फोनही तेच सांगतो. सर्व्हर दोघांना एकमेकांचे पत्ते पोचवतो आणि बाजूला होतो. त्यानंतर फाईलचे छोटे छोटे तुकडे होऊन ते फोनमधून राउटरकडे आणि राउटरमधून तुमच्या लॅपटॉपकडे जातात. हे ज्या तंत्रावर चालतं ते वेबआरटीसी. मुळात ते ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करता यावा म्हणून बनलं. गूगलने २०११ मध्ये ते खुलं केलं, ॲपलच्या सफारीत ते २०१७ मध्ये आलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला अधिकृत वेब मानक म्हणून मान्यता मिळाली. चेहऱ्याच्या आणि आवाजाच्या जागी त्याच वाटेने फाईल पाठवायची, एवढीच यातली युक्ती.

म्हणून ओळखीसाठी इंटरनेट लागतं, फाईलसाठी बहुतेक वेळा लागत नाही. ‘बहुतेक वेळा’ का म्हणालो ते पुढे येईलच. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पडताळा. दिवसाला दीड जीबीवाला प्लॅन असलेल्या एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा, त्यावर दुसरा फोन आणि लॅपटॉप जोडा. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनच्या सेटिंगमध्ये आजचा डेटा वापर किती झाला ते टिपून ठेवा. मग लॅपटॉपवरून दुसऱ्या फोनला ५०० एमबीचा व्हिडिओ पाठवा आणि पुन्हा तो आकडा बघा. फाईल थेट गेली असेल तर आकडा जेमतेम हललेला असतो. गेला महिनाभर मी शाळांतल्या शिक्षकांना हेच करून दाखवतोय. आकडा बघितला की जो विश्वास बसतो तो दहा मिनिटं समजावून सांगून बसत नाही.

आता उपकरणं न दिसण्याचं. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच कंटाळून पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपकडे वळतात.

‘ही दोन उपकरणं एकाच दुकानातली आहेत’ हे त्या सर्व्हरला कसं कळतं? तो तुमच्या खोलीत डोकावू शकत नाही. त्याला फक्त तुमची विनंती कोणत्या सार्वजनिक आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर तुमची जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकावरून, आली तेवढं दिसतं. एका राउटरमागची सगळी उपकरणं बाहेर एकाच पत्त्याने जातात, तेव्हा पत्ता एक म्हणजे घर एक, असा तो हिशोब करतो. हिशोब चांगला आहे, पण तो तीन-चार ठिकाणी चुकतो.

सगळ्यात जास्त वेळा असं होतं की गिऱ्हाईक तुमच्या वायफायवर नसतंच. त्याला वाटतं आहे, पण दुकानात नेट संथ आहे म्हणून फोनने आपणहून मोबाईल डेटा धरलेला असतो. दुसरं कारण व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत फिरवून नेणारी सोय. आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले चालू असेल तर सफारीतून जाणारी विनंती वेगळ्याच पत्त्यावरून गेल्यासारखी दिसते. तिसरं कारण थोडं आतलं आहे. आयपी पत्त्यांच्या दोन पद्धती आज शेजारी शेजारी चालतात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६. जुन्या पद्धतीत सगळं घर एका पत्त्यामागे असतं, नव्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो. लॅपटॉप जुन्या वाटेने गेला आणि फोन नव्या वाटेने, तर टेबलावर वीतभर अंतरावर ठेवलेली दोन उपकरणं सर्व्हरला दोन गावांतली वाटतात. तुमचं ‘काल चाललं, आज नाही’ हे मला नव्वद टक्के या तिन्हींपैकी एकाचं काम वाटतं.

याच्या उलटंही होतं आणि ते जास्त दचकवणारं आहे. मोबाईल कंपन्या आयपीव्ही४ चा एकच सार्वजनिक पत्ता खूप ग्राहकांत वाटून देतात. अशा पत्त्यावरून पान उघडलं की यादीत ओळखदेख नसलेली दोन-तीन उपकरणं दिसू शकतात. एका स्टुडिओवाल्याने घाबरून मला फोन केला होता, ‘आमचं वायफाय कुणीतरी हॅक केलंय’. तसं काही नव्हतं. त्याच कंपनीच्या डेटावर, त्याच पत्त्यामागे बसलेला कुणीतरी त्याच वेळी तेच पान उघडून बसला होता. तुमच्या संमतीशिवाय तो फाईल पाठवू शकत नाही, स्वीकारायची का असं आधी विचारलं जातं. पण गर्दीच्या वेळी चुकीच्या नावावर टॅप करून गिऱ्हाइकाचं मार्कशीट परक्याकडे जायला वेळ लागत नाही.

म्हणून माझा ठाम सल्ला: दुकानात आपोआप दिसण्यावर अवलंबून राहूच नका. पेअरड्रॉपमध्ये तात्पुरती सार्वजनिक खोली उघडता येते. तिला पाच अक्षरांचा कोड मिळतो आणि क्यूआर कोडही. तुमच्या लॅपटॉपवर सकाळी खोली उघडा, क्यूआर स्क्रीनवर ठेवा. गिऱ्हाईक कॅमेऱ्याने तो स्कॅन करतं आणि थेट तुमच्या खोलीत येतं. आयपीव्ही४ की आयपीव्ही६, वायफाय की डेटा, याने ओळखीत काही फरक पडत नाही. तुमचा स्वतःचा फोन आणि दुकानाचा लॅपटॉप मात्र सहा आकडी कोडने कायमचे जोडून टाका, ते रोज नव्याने करायची गरज नाही. जोडलेल्या उपकरणाकडून न विचारता फाईल घेण्याची सोय त्यात आहे. ती फक्त घरच्या उपकरणांपुरती ठेवा.

ओळख झाली, नाव यादीत दिसलं, तरी फाईल पुढे सरकत नाही असंही होतं. ही अडचण वेगळी आहे आणि तिचं उत्तर राउटरमध्ये असतं.

मागच्या वर्षी एका शाळेत अगदी हेच झालं. तीस संगणकांची लॅब, मॅडमच्या फोनमधली पीडीएफ प्रत्येक संगणकावर हवी होती. यादीत नाव दिसायचं, टॅप केलं की गोल चक्र फिरत राहायचं. आधी मी संगणकावरचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी, तपासला, त्यात काही नव्हतं. मग दोन फोन घेऊन मध्ये उभा राहिलो. दोन्ही एकाच वायफायवर, दोन्हीत नेट व्यवस्थित, आणि एका फोनला दुसरा काही केल्या सापडेना. तेव्हा लक्षात आलं. राउटर बसवणाऱ्याने ‘एपी आयसोलेशन’ चालू ठेवलं होतं. याचा अर्थ प्रत्येक उपकरणाने फक्त बाहेर इंटरनेटवर जायचं, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. हॉटेलात, स्टेशनवर, हॉस्टेलमध्ये हे मुद्दाम चालू ठेवतात आणि तिथे ते ठेवायलाच हवं. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ केलंत तर त्यातही बहुधा हे चालूच असतं. काही राउटरमध्ये त्याला ‘क्लायंट आयसोलेशन’ किंवा ‘वायरलेस आयसोलेशन’ म्हणतात. ते बंद केलं आणि पुढच्या मिनिटाला फाईल गेली.

आयसोलेशन बंद असूनही अडलं तर मल्टिकास्ट बघा, म्हणजे नेटवर्कवरच्या अनेक उपकरणांना एकदम मारलेली हाक. ब्राउझर आता तुमचा घरातला आयपी पत्ता वेबपानाला सरळ सांगत नाहीत. गोपनीयतेसाठी ते त्या जागी एक यादृच्छिक तात्पुरतं नाव देतात आणि समोरचा ब्राउझर त्याच वायफायवर हाक मारून विचारतो, ‘हे नाव कुणाचं?’ ही हाक मल्टिकास्टने जाते. काही राउटर, विशेषतः मोठ्या कार्यालयांतले, ती हाक पुढे जाऊ देत नाहीत. मग उपकरणं एकमेकांसमोर असूनही पत्ता लागत नाही. राउटरच्या वायफाय सेटिंगमध्ये मल्टिकास्ट गाळण्याचा पर्याय असेल तर तो बंद करून बघा. मॅक असेल तर आणखी एक: २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून ब्राउझरला ‘लोकल नेटवर्क’ वापरायची वेगळी परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा आलेल्या चौकटीत कुणी ‘नको’ म्हटलं असेल तर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पुन्हा द्यावी लागते.

आता तो ‘बहुतेक वेळा’. थेट वाट सापडलीच नाही तर काही सेवा फाईल मधल्या एका रिले सर्व्हरवरून नेतात. त्याला टर्न सर्व्हर म्हणतात, आणि पेअरड्रॉपच्या सार्वजनिक पानाची अशी सोय आहे. तेव्हा फाईल इंटरनेटवरून वर जाते आणि पुन्हा खाली येते, दोन्हीकडचा डेटा खर्च होतो. मजकूर वाटेत कूटबद्ध असतो, त्यामुळे रिलेला आत काय आहे ते वाचता येत नाही. दोन एमबीच्या पीडीएफसाठी याने काही बिघडत नाही. पण एक जीबीच्या फाईलला एरवीपेक्षा दसपट वेळ लागायला लागला तर ती रिलेने जातेय असं समजा. पक्कं बघायचं असेल तर क्रोममध्ये वेबआरटीसी-इंटर्नल्स नावाचं आतलं पान आहे. तिथे चालू जोडणीचा प्रकार ‘होस्ट’ दिसला तर थेट, ‘रिले’ दिसला तर फिरून.

वेगाबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. फोन आणि लॅपटॉप दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, फोनकडून राउटरकडे आणि राउटरकडून लॅपटॉपकडे. वेग तिथेच निम्मा होतो. दुकानाच्या संगणकाला राउटरमधून सरळ लॅनची वायर ओढा, शेदीडशे रुपयांचा खर्च आहे, फरक लगेच जाणवतो. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा. माझ्या अनुभवात २.४ गिगाहर्ट्झवर, दोन्ही बाजू बिनतारी असताना सेकंदाला दोन-तीन एमबी मिळतात. वायर आणि ५ गिगाहर्ट्झ असं केलं की वीसच्या वर सहज. ब्लूटूथवर १०० एमबीला सहा-सात मिनिटं लागतात, तेव्हा यातलं काहीही परवडलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण स्टुडिओवाले हमखास विचारतात ते मोठ्या फाईलींचं. लग्नसराईत एका स्टुडिओत नवरदेवाच्या आयफोनवर २.७ जीबीची फिल्म पाठवायची होती. फोन काउंटरवर, पट्टी हळूहळू पुढे सरकतेय, ऐंशी टक्क्यांच्या आसपास आली आणि त्याच्या आईचा फोन आला. तो बोलत बोलत बाहेर गेला, ब्राउझर मागे पडला, आयओएसने तो गोठवला, जोडणी तुटली. पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्यावरून पुढे चालू करायची सोय इथे नाही. दुसऱ्या खेपेला फोन कुणी हातात घेतला नाही तरी पान आपणहून रीलोड झालं. कारण असं की आलेले तुकडे पूर्ण फाईल तयार होईपर्यंत ब्राउझरच्या ताब्यातल्या मेमरीत राहतात, आणि आयफोनवर ब्राउझरला तेवढी जागा मिळत नाही. पेअरड्रॉप स्वतःच आयफोनला एका वेळी २०० एमबीपर्यंत पाठवा असं सांगतं. ती मर्यादा मनावर घ्या. अँड्रॉइड आणि लॅपटॉप जास्त सोसतात, तरी एक जीबीच्या पुढे मी ब्राउझरच्या भानगडीत पडत नाही. तिथे लोकलसेंड हे मुक्त स्रोताचं ॲप दोन्हीकडे टाकावं, ते सरळ स्टोरेजवर लिहितं. नाहीतर केबल लावावी. त्या दिवशी आम्ही केबलच लावली.

मग सगळ्यांसाठी ॲपच का नको? कारण तुमचं गिऱ्हाईक दोन पानं छापायला आलेलं असतं. त्याला ॲप उतरवायला सांगितलं की रांग थांबते. ॲपवर विसंबण्याचा दुसरा धोका आपण अनुभवलाय. शेअरइट आणि झेंडर गावोगावी प्रत्येक फोनमध्ये होते, आणि २९ जून २०२० ला केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये दोन्ही होते. ब्राउझर सगळ्यांकडे असतोच, आणि आयफोन, अँड्रॉइड, विंडोज यांत तो भेद करत नाही. एरवी अँड्रॉइडचं क्विक शेअर आणि ॲपलचं एअरड्रॉप आपापल्या घरात उत्तम आहेत, दुकानात मात्र दोन्ही घरांचे लोक येतात.

आता आधार कार्डाचं. यावर मी जरा स्पष्ट बोलतो, कारण इथे निष्काळजीपणा परवडत नाही.

वाटेत फाईल सुरक्षित आहे, वेबआरटीसीत कूटबद्धता बंद करायची सोयच नाही. पण ते पान आणि त्यातला कोड त्या मध्यस्थ सर्व्हरकडूनच येतो, आणि कूटबद्ध मजकूर उघडायच्या दोन्ही बाजूंच्या डिजिटल चाव्यांची खूणही तोच पोचवतो. मध्यस्थच खोटा निघाला तर तो मधे बसू शकतो. म्हणून कोणत्या पानावर विश्वास ठेवतोय हे महत्त्वाचं. स्नॅपड्रॉप हे या प्रकारातलं जुनं आणि लोकप्रिय पान. पेअरड्रॉप त्याच्याच खुल्या कोडवरून पुढे बनलं. स्नॅपड्रॉप नंतर लाइमवायर या कंपनीकडे गेलं. त्यामुळे जुना लेख वाचून कुठलंही पान डोळे मिटून वापरू नका. फाईल थेट जाते की आधी अपलोड होते ते प्रत्येक वेळी बघा. अपलोड करून लिंक देणारं पान असेल तर ते वेगळंच काम आहे, आधारसाठी ते नको.

पूर्ण निर्धास्त व्हायचं असेल तर पेअरड्रॉप स्वतःच्या दुकानात बसवता येतं. कोड खुला आहे. एखादा जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक घ्या, त्यावर डॉकरने (तयार सॉफ्टवेअर एका डब्यासारखं चालवणारी सोय) ते चालवा, आणि गिऱ्हाइकाला दुकानातल्याच पत्त्याचा क्यूआर द्या. मग मध्यस्थही तुमच्याच काउंटरखाली बसलेला असतो आणि बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी फाईल येते. काही सोयी, जसं पान ॲपसारखं फोनवर ठेवणं, एचटीटीपीएस (पानाची कूटबद्ध जोडणी) असल्याशिवाय मिळत नाहीत. छपाईपुरतं अडत नाही. मी बार्शी रोडला एका प्रेसमध्ये हे बसवलंय, एकदा लावल्यापासून त्यांचा फोन आलेला नाही.

पण मग गिऱ्हाइकांना दुकानाच्या वायफायवर घ्यावं लागतं आणि तिथे नवा पेच पडतो. गेस्ट नेटवर्कवर घेतलं तर आयसोलेशनमुळे संगणक सापडत नाही. मुख्य नेटवर्कवर घेतलं तर तुमचे प्रिंटर आणि शेअर केलेली फोल्डरं त्यांच्यासमोर उघडी पडतात. हे दुसरं कधीही करू नका. मी एक हजारभर रुपयांचा दुसरा छोटा राउटर लावतो. त्यावर फक्त फाईली घेणारा संगणक आणि गिऱ्हाइकांचे फोन. हिशोबाचा संगणक आणि मोठं मशीन त्यावर आणायचं नाही. एवढा खटाटोप नको असेल तर गिऱ्हाईक आपल्या मोबाईल डेटावरून क्यूआरने तुमच्या खोलीत येऊ द्या. रिले लागला तरी कागदपत्रांच्या फाईली लहान असतात. तुमच्या दुकानाचा आवाका बघता मी आधी हेच करून बघायला सांगेन.

आणि खरी गळती वाटेत नसतेच, ती तुमच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये असते. फाईल कितीही सुरक्षित आली तरी छापून झाल्यावर ती तिथे पडून राहते. मी एका दुकानात बघितलं, फोल्डरमध्ये दोन वर्षांची आधार, पॅन आणि मार्कशीटं होती, आणि त्याच संगणकावर संध्याकाळी कुणीही पोरगा गेम खेळायचा. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी वापरली की उतरवलेली फाईल आपोआप पुसली जाते, हा गैरसमज खूप आहे; तसं होत नाही. छपाई झाली की गिऱ्हाइकासमोर शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा, म्हणजे ती रिसायकल बिनमध्येही जात नाही. विंडोजच्या ‘स्टोरेज सेन्स’मध्ये डाउनलोड्स फोल्डर ठरावीक दिवसांनी आपोआप रिकामं करायची सोय आहे, तीही लावून ठेवा. ज्या कामाला चालतं तिथे लोकांना मास्क्ड आधार आणायला सांगा, त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात.

डीटीपीच्या कामाला यातून मिळणारा फायदा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. फाईल जशीच्या तशी येते, फोटो दाबला जात नाही, देवनागरी नावं तुटत नाहीत. फक्त फोल्डर झिप करून आलं आणि नावांच्या जागी चौकोन दिसले तर दोष पाठवण्यात नाही, उघडणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सेव्हन-झिपने उघडून बघा.

काउंटरवर पाटी लावायची असेल तर तिच्यावर क्यूआर आणि खाली तीन ओळी पुरे. ‘कॅमेऱ्याने स्कॅन करा. आमच्या संगणकाचं नाव निवडून फाईल पाठवा. छापून होईपर्यंत स्क्रीन चालू ठेवा.’ संगणकाचं नाव पेअरड्रॉप आपणहून काहीतरी इंग्रजी देतं, ते बदलून दुकानाचं नाव टाका, म्हणजे गिऱ्हाइकाला आपण कुणाला पाठवतोय ते दिसतं. बार्शीला पुढच्या पंधरवड्यात माझं काम आहे. तोवर मोबाईल डेटावाली पद्धत आठवडाभर चालवून बघा, आणि अडलं तर नाव दिसत नाही की दिसून पुढे सरकत नाही, यातलं नेमकं काय होतंय ते मला कळवा.